पऱ्हाटीनं पाणी शुद्ध होईल, पण नेमकं कुठलं?

काचेच्या ग्लासात गडद निळं पाणी. त्यात चमचाभर काळी पूड टाकली, ढवळलं, गाळलं आणि पाणी एकदम नितळ! ही रील तुम्हीही कधी ना कधी पाहिली असेल. कधी ती पूड नारळाच्या करवंटीची असते, कधी केळीच्या सालीची, कधी उसाच्या चिपाडाची. खाली कॉमेंट ठरलेल्या असतात: ‘आपल्याकडे तर हा कचरा फुकट पडलाय, सरकार हे का करत नाही?’

रीलमधला प्रयोग बहुतेकदा खरा असतो. अडचण एवढीच आहे की त्या ग्लासात रंग असतो आणि आपल्या बोअरमध्ये नायट्रेट. नायट्रेटला ना रंग, ना वास, ना चव. बीड जिल्ह्यात ‘शेतातल्या कचऱ्यातून शुद्ध पाणी’ असं कुणी म्हणायला लागलं, तर पहिला प्रश्न इथेच विचारायला हवा.

केंद्रीय भूजल मंडळाचा २०२४चा वार्षिक भूजल गुणवत्ता अहवाल हे त्याचं कारण. देशभरातल्या १५ हजारांहून जास्त ठिकाणचं पाणी तपासलं गेलं आणि जवळपास २० टक्के नमुन्यांत नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅम या मर्यादेच्या वर निघालं. २०१७मध्ये असे नमुने सापडलेले ३५९ जिल्हे होते, २०२३मध्ये ४४० झाले. सगळ्यात जास्त बाधित १५ जिल्ह्यांची जी यादी अहवालात आहे, तिच्यात एकट्या महाराष्ट्राचे ७ आहेत: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ. नकाशावर बोट फिरवून बघा. हा बराचसा आपला कापसाचा पट्टा आहे.

दुष्काळ म्हटलं की बीडचं नाव येतं, टँकरचे फोटो येतात. पाणी किती आहे यावर आपण भरपूर बोलतो. जे आहे ते कसं आहे, यावर फारसं नाही. आणि नायट्रेटचा दोष खडकावरही ढकलता येत नाही. फ्लोराइड बऱ्याचदा खडकातून येतं, पण नायट्रेट आपण टाकतो. पिकानं न उचललेला युरिया, घरामागचा उकिरडा, गोठ्यातलं मूत, संडासाचा खड्डा, उघडी गटारं या सगळ्यातला नत्र पावसाबरोबर खाली झिरपतो आणि काळ्या पाषाणाच्या भेगांमधून विहिरीत, बोअरमध्ये पोचतो. पावसाळ्यानंतरच्या नमुन्यांत नायट्रेट कमी न होता उलट थोडं वाढलेलं दिसतं, ते यामुळेच.

त्रास कुणाला? मुख्यतः सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावर असलेल्या बाळांना. नायट्रेटमुळे बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद कमी होते, ओठ आणि नखं निळी पडतात. विहिरीच्या पाण्याशी या आजाराचा संबंध अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉमली या डॉक्टरांनी १९४५मध्ये पहिल्यांदा मांडला. आयोवा म्हणजे मक्याचा प्रदेश, खतं भरपूर. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे. आणि घरी आजी-आजोबा ‘पाणी उकळून द्या बाळाला’ म्हणत असतील, तर एक सांगायलाच हवं: उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं ते उलट घट्ट होतं. तुरटी आणि क्लोरीनचाही त्यावर काही उपयोग नाही.

आता त्या काळ्या पुडीकडे येऊ. लाकूड, करवंटी किंवा पऱ्हाटी कमी हवेत तापवली की कोळसा होतो. तोच कोळसा आठशे-नऊशे अंशांवर वाफेत पुन्हा भाजला, किंवा आधी कच्च्या मालाला आम्लात भिजवून मग भाजला, की त्यात असंख्य बारीक छिद्रं पडतात. हा ॲक्टिव्हेटेड कार्बन. चांगल्या प्रतीच्या एका ग्रॅम कार्बनच्या छिद्रांचा आतला पृष्ठभाग उलगडून मोजला तर हजार चौरस मीटरच्या आसपास भरतो. म्हणजे चिमूटभर पूड आणि दहा गुंठे रान! पाण्यातली घाण या रानात येऊन चिकटते.

हे शोध नवे नाहीत. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मास्कसाठी कार्बन कमी पडला, तेव्हा १९१८मध्ये अमेरिकेत लोकांकडून पीचच्या कोया आणि कवचाच्या फळांची टरफलं गोळा केली गेली. त्याआधीपासून या कार्बनचं मोठं गिऱ्हाईक होतं साखरेचा धंदा; रस पांढरा करायला. आज तुमच्या घरच्या प्युरिफायरमधल्या कार्बनच्या नळकांड्यात बहुधा नारळाची करवंटीच असते. आपल्या परंपरेतही वनस्पतींनी पाणी निवळण्याची पद्धत आहेच. सुश्रुतसंहितेत कतक म्हणून जिचा उल्लेख येतो, ती बी मराठीत ‘निवळी’ झाली. शेवग्याच्या बियांची पूडही गढूळ पाण्यातला गाळ खाली बसवते.

पण चिकटण्यालाही नियम असतात. रीलमध्ये अनेकदा जो मिथिलीन ब्लू नावाचा निळा रंग वापरतात, त्याच्यावर धन भार असतो. साध्या कोळशाच्या पृष्ठभागावर बहुतेकदा ऋण भार असतो. म्हणून रंग लोहचुंबकासारखा खेचला जातो. नायट्रेटवर ऋण भार असतो, त्याला तोच कोळसा दूर ढकलतो. (गंमत बघा, नायट्रेटनं बाळ निळं पडलं तर डॉक्टर औषध म्हणून मिथिलीन ब्लूच देतात.) म्हणजे बीडच्या बोअरचं पाणी पऱ्हाटीच्या साध्या कोळशातून कितीही वेळा गाळलं, तरी जो आकडा अहवालात आलाय तो जवळपास तसाच राहणार. रंग, वास, कीटकनाशकांचे काही अंश, क्लोरीनची चव हे कमी होईल. पाणी चवीला छानही लागेल, आणि तेच धोक्याचं आहे.

‘कचऱ्यापासून फिल्टर’ या कल्पनेचं महाराष्ट्रातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण पुण्याचं. तिथल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये भाताच्या तुसाची राख, सिमेंट आणि खडे वापरून ‘सुजल’ नावाचा स्वस्त फिल्टर तयार झाला. पुढे त्या राखेवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवून टाटा केमिकल्सनं डिसेंबर २००९मध्ये ‘टाटा स्वच्छ’ बाजारात आणला. वीज नको, नळ नको, किंमत हजार रुपयांच्या आत. तीन हजार लिटर झाले की त्यातलं यंत्र पाणी आपोआप बंद करायचं, म्हणजे संपलेला फिल्टर कुणी वापरत राहू नये. मला ही शेवटची गोष्ट सगळ्यात शहाणपणाची वाटते. राख फुकट मिळते, पण ती कधी थकली हे सांगायची सोय फुकट मिळत नाही. आणि तो फिल्टर जंतू आणि गाळ यांच्यासाठी होता. विरघळलेले क्षार, नायट्रेट हे त्याचं कामच नव्हतं.

मग नायट्रेट पकडणारा माल शेतकचऱ्यापासून बनतच नाही का? बनतो. जपानमध्ये हिरोशिमा विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२मध्ये उसाचं चिपाड आणि भाताचा तूस यांच्यावर रासायनिक प्रक्रिया करून त्यांचा भार उलटा केला, आणि ते नायट्रेट खेचू लागले. कागदावर हे बीडसाठीच लिहिल्यासारखं वाटतं. पण त्या प्रक्रियेत एपिक्लोरोहायड्रिन लागतं, जे स्वतःच विषारी आहे. म्हणजे हे काम गावातल्या भट्टीवर किंवा बचत गटाच्या शेडमध्ये करायचं नाही, त्याला कारखाना हवा. शिवाय भरलेला माल पुन्हा वापरायचा तर मिठाच्या पाण्यानं धुवावा लागतो, आणि ते नायट्रेटनं भरलेलं खारं पाणी कुठे सोडायचं हा प्रश्न उरतोच.

आता ‘फुकट पडलेला कचरा’ या शब्दांकडे बघू. चिपाड, म्हणजे कारखान्याच्या भाषेत बगॅस, फुकट नाही. साखर कारखाना ते बॉयलरमध्ये जाळतो, त्यावर वीज करतो, उरलं तर विकतो. पऱ्हाटीचं काय? एका हेक्टरमधून साधारण दोन-तीन टन पऱ्हाट्या निघतात. त्यातल्या किती शेतातच पेटवल्या जातात हे तुम्ही फेब्रुवारीत गेवराई-माजलगावकडच्या रस्त्यानं जाताना बघू शकता. पण बऱ्याच घरांत त्या आणि तुराट्या म्हणजे वर्षभराचं जळण असतं. गॅसची टाकी घरात असली तरी पाणी तापवायला, भाकरी करायला चूल पेटतेच. त्या घरातून पऱ्हाट्या उचलल्या तर बाईला सरपणासाठी आणखी लांब जावं लागेल. हा हिशोब कुठल्याच रीलमध्ये नसतो.

गिऱ्हाईकही आपण एकटे नाही. मुंबईतली केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड, ब्रिकेट, पेलेट करण्यावर बरीच वर्षं काम करतेय. केंद्र सरकारच्या २०२१च्या धोरणानं औष्णिक वीज केंद्रांना कोळशाबरोबर ५ टक्के बायोमास जाळायला सांगितलंय, आणि औष्णिक केंद्र तर आपल्या परळीतच आहे. पेलेटवाल्यानं टनाला भाव दिला तर पाण्याच्या फिल्टरसाठी कोण थांबेल? पऱ्हाटी हलकी आणि फुगीर असते, ट्रॉली भरलेली दिसते पण वजन भरत नाही. त्यामुळे लांब नेण्यात डिझेलच जास्त जळतं. जे काही करायचं ते गावात किंवा गावाजवळच करावं लागेल.

आणि बीडची एक खास अडचण आहे, जी पंजाबच्या पराळीला किंवा केरळच्या करवंटीला नाही. पऱ्हाट्या उपटायची वेळ डिसेंबर ते फेब्रुवारी. नेमक्या याच महिन्यांत जिल्ह्यातली लाखो माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला गेलेली असतात. गावात उरतात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. म्हणजे माल असतो तेव्हा हात नसतात, आणि टोळ्या परत येतात तेव्हा उन्हाळा लागलेला असतो, विहिरी तळाला गेलेल्या असतात. ‘गावोगावी कोळसा युनिट, महिलांना रोजगार’ अशी योजना उद्या जाहीर झाली, तर ती कुठल्या महिन्यात चालणार हे आधी विचारा.

घाई करण्यासारखं एक कारण मात्र आहे. गुलाबी बोंडअळी. २०१७च्या हंगामानं कापसाचं काय केलं ते इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो, कारण अळी त्यातच पुढच्या हंगामापर्यंत मुक्काम करते. पऱ्हाटीचा बारीक भुगा करून ती लगेच कुठेतरी कामाला लावली, तर अळीचंही घर मोडतं. पाण्यासाठी नाही तरी कापसासाठी हे परवडू शकतं.

तर मग पऱ्हाटीचा पाण्यासाठी उपयोग कसा होईल? मला सगळ्यात जास्त पटलेला मार्ग कोळशाचा नाही, आणि तो दिसायलाही आकर्षक नाही. आयोवा आठवतंय ना? तिथे शेतातून निचरा होणारं पाणी नदीत जाण्याआधी लाकडाच्या ढलप्यांनी भरलेल्या लांब चरातून सोडतात. कॅनडा आणि न्यूझीलंडमध्ये १९९०च्या दशकात यावर सुरुवातीची कामं झाली. चरात हवा पोचत नाही. तिथले जिवाणू लाकूड खातात, आणि श्वासासाठी ऑक्सिजन मिळत नाही म्हणून नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात. उरलेला नत्र वायू होऊन हवेत निघून जातो, जिथे तो आधीपासून ७८ टक्के आहेच. इथे शेतकचरा घाण शोषत नाही, तो जिवाणूंचा डबा आहे. त्यामुळे ‘भरलेला फिल्टर कुठे टाकायचा’ हा प्रश्नच बराचसा संपतो.

लाकडाऐवजी दुसरं चालतं का? न्यूझीलंडच्या प्रयोगांत मक्याची बुरकुंडं लाकडापेक्षा जोरात काम करताना दिसली, पण ती लवकर संपतात. इस्राएलच्या संशोधकांनी १९९०च्या दशकात कापूस आणि चक्क जुनी वर्तमानपत्रं वापरून पाण्यातलं नायट्रेट काढून दाखवलं. (म्हणजे तुमच्या हातातल्या या पुरवणीलाही वाचून झाल्यावर भविष्य आहे.) पऱ्हाटी लाकडासारखीच टणक असते, म्हणून ती बऱ्यापैकी टिकावी असा माझा अंदाज. आणि एका बाबतीत आपण आयोवाच्या पुढे आहोत: हे जिवाणू थंडीत मंदावतात, उष्णतेत जोमानं काम करतात. ऊन आपल्याकडे कधी कमी पडलंय?

आयोवातही यानं सगळं सुटलेलं नाही, हेही सांगायला हवं. जून २०२५मध्ये तिथल्या डे मॉइन शहर परिसरात नद्यांमधलं नायट्रेट इतकं वाढलं की लोकांना लॉनला पाणी घालायला बंदी करावी लागली. शुद्धीकरणाची यंत्रणा पिण्यापुरतंच पाणी भागवू शकत होती. शेतात टाकलेलं खत कमी झालं नाही, तर चर किती खणणार?

शिवाय चरातलं पाणी थेट प्यायचं नसतं. सुरुवातीचे काही आठवडे ते चहासारखं तपकिरी येतं, प्रवाह फारच मंद झाला तर सडक्या अंड्यांसारखा वास येतो, काम अर्धवट झालं तर नायट्राइट उरतं आणि ते नायट्रेटपेक्षा वाईट. कापसावर किती फवारण्या होतात हे पाहता पऱ्हाटीत कीटकनाशकांचे अंश किती आहेत, हे आधी तपासल्याशिवाय ती पाण्यात टाकू नये. त्यामुळे याची जागा घरातल्या माठाशेजारी नाही. जिथून घाण पाणी जमिनीत मुरतं तिथे, म्हणजे गावाबाहेरच्या गटाराच्या तोंडाशी, ओढ्याकाठी. कारखान्याच्या रंगीत सांडपाण्याचं गणित वेगळं आहे. तिथे बगॅसची राख रंग आणि सेंद्रिय घाण ओढून घेते, यावर रुरकीच्या आयआयटीत भरपूर काम झालंय. राखही कारखान्याची, सांडपाणीही कारखान्याचं, वाहतुकीचा खर्च जवळपास नाही. तो वापर आधी व्हायला काय हरकत आहे?

तोपर्यंत बाळाच्या दुधाचं काय? सध्या नायट्रेट काढणारी जी गोष्ट गावात पोचलीय, ती म्हणजे आरओ. पाच-दहा रुपयांत जार देणारं पाण्याचं एटीएम. वापरा, पण टीडीएसचा आकडा दाखवून ‘पाणी एक नंबर आहे’ असं कुणी म्हटलं तर तेवढ्यावर जाऊ नका. टीडीएस म्हणजे सगळे क्षार मिळून, त्यातलं नायट्रेट किती हे तो मीटर सांगत नाही. जलजीवन मिशनमध्ये गावांना पाणी तपासायचे किट दिलेले आहेत, त्यात नायट्रेटची चाचणी असते. ग्रामपंचायतीत जाऊन आपल्या हापशाचा, बोअरचा शेवटचा आकडा आणि त्याची तारीख विचारा. उत्तर नसेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना देता येतो. कॉलेजात रसायनशास्त्र शिकत असाल तर यापेक्षा चांगला प्रोजेक्ट विषय मिळणार नाही. रंगाचा ग्लास सोडा आणि गावच्या दहा बोअरचं पाणी घ्या, पावसाआधी एकदा, पावसानंतर एकदा.

आणि त्या आरओच्या मागच्या बाजूला जा. तिथे एक पाइप असतो. जितकं शुद्ध पाणी जारमध्ये जातं, जवळपास तितकंच, कधी त्याहून जास्त पाणी तिथून बाहेर पडतं, काढलेलं सगळं नायट्रेट घेऊन. ते नाल्यात जातं, नाल्यातून जमिनीत, आणि जमिनीतून परत त्याच बोअरमध्ये. पऱ्हाटीचा पहिला चर खणून बघायचा असेल, तर मी तो या पाइपाखाली खणेन. एक ट्रॉली भुगा, जेसीबीचं अर्ध्या दिवसाचं भाडं, आणि चराच्या दोन्ही टोकांचं पाणी दर आठवड्याला तपासणारं कुणीतरी.